वाटणीचं ऊन

नवयुग संकुलात ऊन वाटायचं काम विभावरी पेडणेकरकडे येऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणी तिला सरळ 'कशी आहेस' म्हणून विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, भेटेल तो माणूस आपल्या खिडकीबद्दल बोलायचा. काल आमच्याकडे उशिरा आलं. परवा आलंच नाही. समोरच्यांकडे जास्त वेळ थांबतं. ती मान हलवायची, बघते म्हणायची आणि पुढे जायची. घरी येऊन चपला काढताना तिच्या खांद्यांना असा शीण जाणवायचा, की जणू ती ते ऊन घमेल्यात भरून घरोघर पोचवत होती.

संकुल शहराच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला होतं. रस्ते आणि पूल बांधायला ठिकठिकाणच्या वस्त्या उठवल्या गेल्या आणि ती सगळी माणसं इथे आणून बसवली गेली. बावीस मजल्यांचे मनोरे, आणि दोन मनोऱ्यांमध्ये इतकी कमी जागा, की समोरच्या घरात फोडणी कशाची बसली ते इकडे कळावं. त्या मधल्या चिंचोळ्या पोकळीला लोक विहीर म्हणत. विहिरीच्या तळाशी वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा साठलेला असे. खालच्या सहा मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नसत. भिंतींना बुरशी धरायची. गाद्या कधी पुरत्या वाळायच्या नाहीत. खोकला गेला असं कुणी म्हणायचं नाही, आणि रांगायच्या वयातली मुलं वर्ष उलटलं तरी उभी राहायला बघत नसत. शेवटी डॉक्टरांनी अहवाल दिले, कुठून तरी निधी आला आणि गच्चीवर आरसे बसले.

सपाट आरशाचं गणित सोपं आहे. किरण ज्या कोनात येऊन आदळतो त्याच कोनात पलीकडे परततो. आरसा एक अंश वळवला, की परतणारा किरण दोन अंश वळतो. म्हणजे आकाशातला सूर्य सरकत असताना त्याचं ऊन एकाच जागी धरून ठेवायचं असेल, तर आरशाने सूर्याच्या निम्म्या वेगाने वळत राहायचं. गच्चीवरचे मोठे आरसे दिवसभर तेच करायचे. त्यांनी धरलेलं ऊन विहिरीच्या तोंडावर टांगलेल्या दुसऱ्या, गोल आरशांवर पडायचं, तिथून सरळ खाली जायचं, आणि ज्या घराची पाळी असेल त्याच्या खिडकीबाहेरचा छोटा आरसा तिरपा उघडून ते आत घ्यायचा. घरातल्या साध्या आरशात मुलामा काचेच्या मागे असतो, आणि हाडांना हवा असलेला उन्हातला भाग काच गिळून टाकते. इथे काच नव्हतीच. ॲल्युमिनियमचा मुलामा आरशाच्या दर्शनी अंगालाच होता. लोकांना सांगितलं होतं, पाळी आली की खिडकी सताड उघडा आणि उघड्या अंगावर ऊन घ्या.

विहिरीच्या तोंडावरच्या गोल आरशांना लोक डफ म्हणत. ते दिसायचेही तसेच. लोखंडी कड्यावर ताणून बसवलेला चकचकीत पडदा आणि मागे बंद पेटी. पेटीतली हवा थोडी ओढून घेतली की पडदा आत दबायचा, आरसा अंतर्गोल व्हायचा आणि ऊन खाली जाता जाता एकवटायचं. हवा भरली की पडदा फुगायचा, आरसा बहिर्गोल व्हायचा आणि ऊन पसरायचं. दोन्हीकडे हवा सारखी असली की आरसा सपाट. एवढ्या उंचीवरून ऊन खाली पोचेपर्यंत आपसूकच थोडं फाकतं, कारण सूर्य हा काही ठिपका नाही, तबकडी आहे. म्हणून विभावरी पहिल्या-दुसऱ्या मजल्यासाठी डफ अगदी किंचित दाबायची. जास्त दाबण्याला बंदी होती. सुरुवातीच्या दिवसांत एका घरात खिडकीच्या कठड्यावरचा टॉवेल करपला होता.

आरसे बसवणारी कंपनी कराराची मुदत संपल्यावर निघून गेली. विभावरीकडे उपकरणं दुरुस्त करण्याची पदविका होती, आणि ती इथेच राहत होती. संकुलाच्या महासंघाने तिला पगारावर ठेवलं.

ती राहायची पहिल्या मजल्यावर, थोरल्या बहिणीबरोबर. शालनताई तिच्याहून अठरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा विभावरी दुसरीत होती. त्या वेळी वस्ती एका जुन्या गिरणीमागच्या मोकळ्या मैदानाला लागून होती, आणि शालनताई तिथे पापड घालायची. आधी दुसऱ्यांचे, मग स्वतःचे, मग चार बायका हाताशी धरून. डोक्याला पदर गुंडाळून ती दिवसभर उन्हात बाजांमधून फिरत असे. तिला दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा तिने विचारलं, धाकटीला बरोबर आणलं तर चालेल का, आणि दोन्ही वेळा तो विषय तिथेच थांबला. विभावरीने शिकावं, तिला पंख्याखाली बसायची नोकरी लागावी, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. तसं ते झालंही.

संकुलात आल्यावर पापड वाळवायला जागा उरली नाही. तिसऱ्या वर्षी शालनताई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी साधी अडखळली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून पोकळ झाली आहेत, इथे आल्यापासून ऊन अंगाला लागलेलंच नाही. हाड जुळलं, पण जिन्याची भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून ती खिडकीशी खाटेवर असे. सकाळी पाळी यायची तेव्हा ती पाय उघडे टाकून बसायची, हात उलटेसुलटे करून शेकायची. ऊन गेलं की पदर सारखा करायची.

तिने विभावरीकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. त्या वर्षी मार्गशीर्षात एका सकाळी, आरसा मिटत असताना, ती सहज बोलावं तशी बोलली.

"विभा, आणखी थोडं थांबलं असतं तर बरं झालं असतं गं."

विभावरीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि डबा घेऊन गच्चीवर गेली. दिवसभर ते वाक्य तिच्या डोक्यातून हललं नाही. संध्याकाळी उतरण्यापूर्वी तिने पाळ्यांचा तक्ता संगणकावर उघडला. दिवस लहान होत होते, तेव्हा सगळ्यांच्याच पाळ्या थोड्या कमी कराव्या लागणार होत्या. तिने त्या लागत होत्या त्याहून जरा जास्त कमी केल्या. प्रत्येक खिडकीमागे इतकं थोडं, की कुणाच्या ध्यानातही येऊ नये. ते सगळं थेंब थेंब गोळा झालेलं ऊन तिने पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या नावावर टाकलं.

शालनताई त्या दिवसापासून बराच वेळ उन्हात बसू लागली. तिने काही विचारलं नाही. पंधरवड्याने ती खाटेवरून उठून, भिंतीला धरून, स्वतः चहा ठेवायला गेली. विभावरीने दारातून ते पाहिलं आणि आपण केलं ते बरोबर की चूक, हा विचार तिने बाजूला सारला.

तुळशीदास मेस्त्री पाचव्या मजल्यावर राहायचे. जन्मभर सुतारकाम केलं, मग मधुमेहाने दोन्ही डोळे गेले. घरी मुलगा आणि सून. मुलगा बाहेरगावच्या कामांवर असायचा, त्यामुळे घर सुनेवरच होतं. विभावरी एका सकाळी त्यांच्या मजल्यावरचा खिडकीचा आरसा दुरुस्त करायला गेली, तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले.

"बाई, ऊन लवकर जातं हल्ली," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "मी हात धरून बसतो ना समोर. आधी तळहात तापायचे, मग मनगटापर्यंत यायचं. आता तळहात तापले की गेलंच."

विभावरीचा हात स्क्रूवर होता तिथेच राहिला. मग तिने त्यांना दक्षिणायनाचं सांगितलं. सूर्य दक्षिणेला सरकला आहे, किरण तिरपे येतात, दिवस आखूड झालाय, संक्रांतीनंतर पुन्हा वाढेल. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मेस्त्रींनी मान डोलावली.

"असं होय. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळणार. मला वाटलं माझ्या हातांचंच काही बिघडलं. डोळ्यांचं तसंच झालं होतं, आधी थोडं थोडं गेलं."

खाली येताना ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने आली, आणि तिसऱ्या मजल्यावर काही कारण नसताना थोडा वेळ उभी राहिली. त्या संध्याकाळी तिने तक्ता उघडला, पाहिला आणि तसाच मिटला. घरी शालनताईने वालाची उसळ केली होती, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा.

संक्रांत झाली. दिवस मोठे होऊ लागले आणि पाळ्या मात्र वाढल्या नाहीत. माणसं अडाणी नव्हती. त्यांनी शाळेतल्या मुलांना विचारलं, पंचांग बघितलं, आणि माघ लागेपर्यंत जिन्यात भांडणं सुरू झाली. पण ती विभावरीशी झाली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची बाई चौथ्या मजल्यावरच्या बाईला म्हणाली, तुमचा आरसा मिटत नाही म्हणून आमचं जातं. कुणीतरी समोरच्या घरचा आरसा काठीने मिटवला. एकदा हातघाईवर आलं आणि एका माणसाचा चष्मा फुटला. विभावरीवर कुणाचा संशय आला नाही. ती कुणाशी भांडत नाही, मशीनवर काम करते, मशीन खोटं बोलत नाही, असं सगळे धरून चालले होते. तिला त्याचाच जास्त त्रास झाला.

हणमंत लोंढे महासंघाचे सचिव होते. एसटीत वाहक म्हणून निवृत्त झालेले, शांत माणूस. या भांडणांनी तेही जेरीस आले होते. एका दुपारी ते गच्चीवर आले, टाकीच्या सावलीत बसले आणि त्यांनी विभावरीला विचारलं की हे डफ फुगवून ठेवले तर काय होईल.

तिने सांगितलं. आरसा ऊन तयार करत नाही. जेवढं त्याच्यावर पडतं तेवढंच तो देतो, फक्त कुणाला किती ते त्याच्या आकारावर ठरतं. सपाट आरसा एका खिडकीला पुरं ऊन देईल आणि बाकीच्यांना काही नाही. फुगवलेल्या आरशातून तेच ऊन सगळ्या विहिरीत पसरेल. मग पाळ्या नकोत. दिवसभर सगळ्या घरांत सारखा उजेड राहील, वर्तमानपत्र वाचता येईल, दिवे लावावे लागणार नाहीत.

"मग हे आधीच का नाही केलं?"

"तो उजेड असेल, लोंढेसाहेब. ऊन नसेल. इतकं पातळ झाल्यावर ऊब राहत नाही. गादी वाळणार नाही, हाडांना काही मिळणार नाही."

लोंढ्यांनी बराच वेळ खाडीकडे बघितलं. मग ते म्हणाले, भांडण तरी थांबेल.

सभा रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये झाली. वरच्या मजल्यांवरचेही बरेच लोक आले. त्यांना आरशांशी घेणंदेणं नव्हतं, पण आरडाओरड नकोशी झाली होती. लोंढ्यांनी प्रस्ताव नीट समजावून सांगितला. कुणी विचारलं, विजेचं बिल किती कमी होईल. कुणी विचारलं, पावसाळ्यात काय. विभावरीला मत विचारलं, तेव्हा ती उभी राहिली आणि ऊन आणि उजेड यांतला फरक तिने पुन्हा सांगितला. पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. जोर लावला असता तर कुणीतरी विचारलं असतं, मग पाळ्या नीट चालवल्या तर भागतंय का. आणि खरं उत्तर होतं, हो, भागतंय. नीट चालवल्या तर.

मेस्त्री सुनेचा हात धरून मागे बसले होते. त्यांनी हात वर केला.

"ऊब राहील का त्यात?"

"नाही काका," विभावरी म्हणाली.

"मग मला त्याचा उपयोग काय? उजेड मला दिसत नाही."

मग मतं घेतली आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर झाला. मेस्त्रींची सून हात वर करू की नको अशी बसून होती. सासऱ्यांनी तिला कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा तिने प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला. भांडणांना सगळेच कंटाळले होते.

दुसऱ्या दिवशी विभावरीने पेट्यांमध्ये हवा भरली. पडदे हळूहळू फुगले. त्यांत आधी जो एक मोठा, डोळे दिपवणारा सूर्य दिसायचा तो आकसून चण्याएवढा झाला. विहिरीत एक पांढुरका, सौम्य उजेड उतरला. लोक खिडक्यांत येऊन उभे राहिले. बायकांनी दिवे मालवले. समोरासमोरच्या घरांना एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा दिवसभर दिसू लागले. लोंढे वर येऊन तिचे आभार मानून गेले. पाळ्या गेल्या तशी जिन्यातली भांडणंही गेली.

घरी शालनताई पाय पांघरुणात घेऊन बसली होती.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "इथून घड्याळ दिसतं आता."

विभावरीला मेस्त्रींशी बोललेलं दक्षिणायन आठवलं. ताईचं बोलणंही तसंच होतं, खरं आणि खोटं. फाल्गुन उतरेपर्यंत खाटेमागच्या भिंतीला पुन्हा बुरशीचे ठिपके आले आणि शालनताईने चहा ठेवायला उठणं सोडून दिलं. गुडघे धरले आहेत म्हणाली. बाहेर सगळीकडे उन्हाळा लागत होता.

डफ फुगवल्यावर एक अडचण मात्र उरली होती, आणि ती विभावरीने लोंढ्यांना आधीच सांगून ठेवली होती. गच्चीवरच्या आरशांचा नेम रोज थोडा थोडा चुकतो. वाऱ्याने, धुळीने, लोखंड तापून फुगल्याने. सपाट आरशातून खाली पडणारा उन्हाचा ठिपका काठाशी रेखीव असतो, तो हलला की नेम चुकल्याचं लगेच कळतं. फुगलेल्या आरशातून सगळं असं पसरतं, की नेम हातभर चुकला तरी समजायचं नाही. म्हणून प्रत्येक विहिरीवरचा एक डफ सपाटच ठेवायला हवा होता, तपासणीसाठी. लोंढे म्हणाले होते, ठेवा, कुणाला त्रास होणार नाही अशा कुठल्याही भिंतीवर पडू द्या.

काही आठवडे तो ठिपका तिसऱ्या मजल्याच्या पाइपांवर पडत होता. भरपूर ऊन, आणि खाली फक्त गंजलेले पाइप. मग एका सकाळी तिने तो ढळवला आणि स्वतःच्या घराच्या खिडकीबाहेरचा आरसा उघडला. तपासणी कुठे करायची हे तिच्यावरच होतं. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. ती जिने उतरून घरी आली तेव्हा खोलीत लख्ख ऊन पडलं होतं आणि शालनताई त्यात बसली होती, डोळे मिटून.

"आज कुणाचं आहे हे?" तिने विचारलं.

विभावरी दारातच थांबली. "कुणाचं नाही. तपासणीचं आहे."

"आधीचं कुणाचं होतं, मला माहीत आहे. मेस्त्रींची सून केस विंचरायला येते ना माझे. तिने सांगितलं, सासऱ्यांचं ऊन लवकर जातं म्हणून." तिने डोळे उघडले नाहीत. "माझं वाढलं आणि त्यांचं कमी झालं, एवढं न कळायला मी काय खुळी आहे? मला कळत होतं, विभा. पण हवंसं वाटत होतं. म्हणून गप्प बसले."

विभावरी येऊन खाटेच्या कडेला बसली. ऊन तिच्या मांडीवर आलं. ती म्हणाली, सभेत मी बोलायला हवं होतं. शालनताई म्हणाली, मीही बोलायला हवं होतं, पण मला कोण सभेला नेणार.

"ऊन कुणाचंच नाही, तर ते माझ्या घरात कशाला?" मग शालनताई म्हणाली. "कुणालाही येऊन बसता येईल अशा जागी टाक."

"अशी जागा कुठे आहे इथे?"

शालनताईने खिडकीकडे हात केला. बाहेर खाली विहिरीचा तळ होता.

तळ म्हणजे अकरा वर्षांचा कचरा. पिशव्या, फुटक्या बादल्या, डायपर, मेलेले उंदीर, एक अख्खी गादी. विभावरीने लोंढ्यांना सांगितलं की तपासणीचा ठिपका तळाशी घ्यायचा आहे आणि त्यासाठी तळ साफ हवा. ते कुरकुरले. पैसे नाहीत म्हणाले, माणसं मिळत नाहीत म्हणाले, साफ केलं तरी वरून पुन्हा टाकतीलच म्हणाले. ते खरंच होतं. पण त्यांनी माणसं लावली, आणि पहिले दोन दिवस स्वतः नाकाला फडकं बांधून उभे राहिले. सगळं निघाल्यावर खाली फरशी लागली. विभावरीने तिच्यावर आणि आजूबाजूच्या भिंतींवर पुरुषभर उंचीपर्यंत चुना मारून घेतला. आरसा किरणाला एकाच दिशेने परतवतो, पण चुन्याचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. त्याच्या प्रत्येक कणावर किरण नियमानेच परततो, पण प्रत्येक कणाचं तोंड वेगळीकडे, त्यामुळे उजेड सगळीकडे उडतो. एवढा एक ठिपका पडला तरी पहिल्या दोन मजल्यांच्या खोल्यांची छतं उजळणार होती.

ठिपका पडला तो चांगला ऐसपैस होता. सात-आठ माणसं दाटीवाटीने बसतील एवढा. विभावरीने तिथे दोन जुने बाक ठेवले. पाळ्या नाहीत, कुणीही यावं, असं लोंढ्यांनी सगळीकडे सांगितलं.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी वरून भाजीच्या सालींची पिशवी पडली आणि तिने ती उचलली. तिसऱ्या दिवशी मेस्त्री आले. सून मागच्या दारापर्यंत घेऊन आली, पुढे काठीने फरशी चाचपत ते स्वतः गेले, आणि ऊन अंगावर आलं तिथे थांबले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तसेच उभे राहिले. ऊन गेलं नाही. बऱ्याच वेळाने ते बाकावर बसले.

मग माणसं येऊ लागली. एक बाई तान्ह्या मुलाला तेल लावून घेऊन यायची. कुणी मिरच्या घेऊन आलं, त्यावरून बोलाचाली झाली की माणसांनी बसायचं की मिरच्यांनी. बाकाच्या कुठल्या टोकाला ऊन जास्त, यावरूनही झाली. विभावरी वरून ऐकायची. थकलेली ती तेव्हाही होतीच. पाळ्या लावणं संपलं होतं, पण आता तिला दिवसातून दोनदा खाली उतरून पिशव्या उचलाव्या लागत, आणि महासंघाने तिचा पगार निम्म्यावर आणला होता, कारण काम कमी झालं होतं.

शालनताई काही उतरायला तयार नव्हती. पहिल्या मजल्यावरून तळाशी जायचं म्हणजे एक जिना, मग मागचं अरुंद दार, मग तीन उंच पायऱ्या. ती म्हणायची, इथून दिसतं मला, तेवढं पुरे. ती खिडकीतून खाली बघत बसायची आणि संध्याकाळी कोण कोण आलं होतं ते विभावरीला सांगायची. चैत्रात एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, मला खाली जायचं आहे.

लोंढ्यांनी दोन माणसं आणली. शालनताईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीला ओढणीने बांधून, त्यांनी तिला जिन्यावरून उतरवलं. तिने पूर्ण वेळ विभावरीचं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की बोटांचे वळ उठले. पायऱ्यांवर खुर्ची एकदा कलंडल्यासारखी झाली तेव्हा तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही. मग ती उन्हात आली. दुपार कलत होती. बाकावर एकटे मेस्त्री होते.

माणसं खुर्ची ठेवून गेली. शालनताईने पाय पुढे केले, लुगड्याचा काठ घोट्यांवरून वर घेतला, आणि मेस्त्रींकडे वळली.

"मी पेडणेकर. पहिल्या मजल्यावरची."

"ओळखलं," मेस्त्री म्हणाले. "सून सांगते तुमच्याबद्दल. केस फार दाट आहेत म्हणते."

"तुमचं ऊन कमी झालं होतं ना मार्गशीर्षात, ते माझ्याकडे येत होतं. हिने वळवलं, आणि मला ते कळत होतं."

मेस्त्रींचे हात गुडघ्यांवर होते. ते तसेच राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू विभावरीच्या दिशेने वळला. ती उभी आहे हे त्यांना तिच्या बांगड्यांवरून कळलं असावं.

"तुम्ही म्हणाला होतात, सूर्य दक्षिणेला गेला."

"गेला होता," विभावरी म्हणाली. "पण ऊन मी काढलं होतं, काका. तुमच्याशी खोटं बोलले."

वरच्या कुठल्यातरी घरातून कुकरची शिट्टी झाली. मेस्त्रींनी काठी चाचपली, तेव्हा विभावरीला वाटलं ते उठून जाणार. पण त्यांनी काठी बाकाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली.

"मी दोन महिने सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात हात बुडवून बघत होतो," ते म्हणाले, "गरम लागतंय की नाही ते."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. त्या दोघींना माहीत असावं म्हणून सांगितलं. विभावरी उभीच होती, आणि तिला जाताही येत नव्हतं.

"बाई, खुर्ची इकडे घ्या त्यांची," शेवटी मेस्त्री म्हणाले आणि बाकावर सरकून बसले. "तिथे कडेला आहेत त्या. इथे मध्ये जास्त लागतं."

विभावरीने वाकून खुर्चीचे पाय धरले आणि ताईला बसल्या जागी फरशीवरून ओढत मध्यावर आणलं.